पांढरा मासा

बंदीचे दिवस. होड्या दांड्याच्या वाळूत
निळं प्लास्टिक पांघरून पडलेल्या,
आणि आई माझ्याकडे, चौदाव्या मजल्यावर,
मोतीबिंदू काढून, काळा चष्मा लावून
टीव्हीसमोर बसलेली,
टीव्ही न बघता.

मॉलमधून पाकीट आणलं मी:
सीफूड रॅव्हिओली, सोळा नग, सहाशे एकोणपन्नास.
फ्रीझरमधून काढलं तेव्हा
ओट्यावर बर्फाचा चुरा सांडला,
वास मात्र नाही.
खरं तर त्यासाठीच आणलं होतं.
इथं बोंबील तळला की दुसऱ्या दिवशी
लिफ्टमध्ये नोटीस लागते, कुणाचंही नाव न घेता,
नाव सगळ्यांना कळेल अशी.

आईने पाकीट कानाशी नेऊन हलवलं.
"आत काय हाय?"
मी वाचलं: कोळंबी चार टक्के, खेकडा तीन,
पांढरा मासा अकरा.
"पांढरा म्हंजे कंचा?"
तेवढंच लिहिलंय.
"नाव नाय त्याला?"

अडतीस वर्षं पाटी लावली तिने बाजारात,
मांदेलीसुद्धा कधी बिननावाची विकली नाही.
गिऱ्हाईक भिंगाला करली म्हणालं
तर आधी नाव दुरुस्त करायची,
मग भाव सांगायची.

आयात करणाऱ्याने आपलं स्टिकर
नेमकं शिजवायच्या मिनिटांवर डकवलेलं.
नखाने खरवडलं तर मिनिटंही सोलून आली.
मग अंदाजाने पाणी ठेवलं, उकळी आली,
सोळाच्या सोळा सोडले.
तळाशी बसले, वर आले,
आणि त्यातला एक फुटला.

आईने तो झाऱ्याने उचलून
बशीत घेतला, पीठ बाजूला सारलं,
आतलं सारण चिमटीने गोळा करून
छोटा वाटा मांडला, सवयीने,
कोळंबीचा तुकडा वरती दिसेल असा.
"या वाट्याला किती पडलं?"
सहाशे एकोणपन्नास भागिले सोळा.
चाळीस रुपये.
ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली.
डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं,
हसण्याचं काही बोलले नव्हते.
"एवढासा वाटा मी मांडला असता
तर बायांनी पाटी उलटी केली असती माजी."

मग तोंडात टाकला.
जिभेवर बराच वेळ घोळवला,
चष्म्याआड डोळे मिटले असावेत.
"कोलंबी बरी हाय. खेकडा नावाला.
आनि यो पांढरा..."
थांबली.
"थंड पान्यातला हाय. वलखीचा नाय.
लांबून आलाय बिचारा."

पाकिटावरच्या फोटोत लोणी आणि मिरपूड होती.
मी लोणी वितळवत होते,
ती उठली, वाटीच्या बुडाने
सहा लसणी ठेचल्या, तेल तापवलं,
लाल मिरची, वरून आगळ.
मी चिमणीच्या बटणाकडे हात नेला.
"ऱ्हाऊ दे ती," म्हणाली.
फोडणी दारापर्यंत गेली,
दाराच्या फटीतून पुढेही गेली असणार.

जेवताना एक नग दिव्याकडे धरून
तिने कडा निरखल्या,
करंजीच्या कातण्याने कापल्यासारख्या.
"करनारीचा हात बरा हाय."
मशीनचं मी बोलले नाही.
लोण्याचे आठ मी खाल्ले,
आगळाचे सात तिने. तिने माझ्या ताटातला
एकही घेतला नाही.

सकाळी लिफ्टमध्ये नोटीस होती.
धस्स झालं. वाचली.
टाकी धुणार होते, पाणी बंद, दहा ते चार.

रविवारी ती दांड्याला निघाली.
ते पाकीट तिने धुऊन, चिमटा लावून
बाल्कनीत वाळवलं होतं,
चेनवालं आहे, फेकायचं कशाला.
आता त्यात डोळ्याचे थेंब, हॉस्पिटलची चिठ्ठी,
सुट्टे पैसे. बाहेरून अजून
कोळंबीचं चित्र.
"माजं नाव लिव यावर, हरवंल नायतर."
कोरी जागा होती ती फक्त
पांढरा मासा, अकरा टक्के, त्याच्या खाली.
मी लिहिलं, हारकू वैती.
पेन प्लास्टिकवर धरेना.
दोनदा गिरवलं.